सगळ्यांचं टिपण

‘तर’ या शब्दापाशी हिरवी रेघ थांबली होती. उभी, बारीक, गवताच्या पात्यासारखी. लुकलुकत होती, पण पुढे सरकत नव्हती. ‘मूल्यमापन म्हणजे केवळ गुण देणे नव्हे, तर’ — आणि त्यापुढे पांढरी जागा. सोदाम टॅबवर डोळे रोखून बसली. असं होतं कधीकधी. ही रेघ नाग्योंगताईची; टायपता टायपता ती मनगट झटकते, पाण्याचा घोट घेते, आणि मग अडलेलं पाणी सुटावं तशी दोन-तीन वाक्यं एकदम येतात. ती येईपर्यंत जग बंद असतं. त्याची सोदामला सवय होती... पण या वेळी बाकीच्या रेघाही थांबल्या. निळी, केशरी, जांभळी — सगळ्या वर्गाच्या रेघा, एरवी मुंग्यांसारख्या एकमेकींच्या अंगावरून धावणाऱ्या, जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. आणि तिनं मान वर केली तर सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

प्राध्यापक ग्वाक खिडकीपाशी उभे होते. उजवा हात तिच्या दिशेनं पसरलेला, तळवा वर — समारंभात पाहुण्याची ओळख करून देताना करतात तसा. ओठ हलत होते, पण उजेड त्यांच्या मागून येत होता आणि चेहऱ्याची नुसती काळी आकृती, त्यामुळे ओठांवरून काही वाचायला मार्ग नव्हता. मग त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी. कानामागच्या यंत्रातून खडी ओतल्यासारखा आवाज आला — ते यंत्र आवाज आणतं, शब्द आणत नाही — आणि सोदाम हसली. नुसती हसली नाही. जागेवरून अर्धवट उठली आणि कमरेत वाकून तिनं मान लववली, आधी सरांकडे, मग वर्गाकडे.

हे तिनं केलं नव्हतं, तिच्या मानेनं केलं होतं. दुसरीत असताना मेंदूत ताप शिरला, आणि महिनाभरानं इस्पितळातून घरी आल्यावर आईचे ओठ नुसतेच हलताना दिसायला लागले, तेव्हापासून मान हे शिकली होती. लोक आपल्याकडे बघून हसतायत म्हणजे आपणही हसायचं. हसलं की लोक सुटतात, आपणही सुटतो. बहुतेक वेळा ते पुरतं.

ती खाली बसली. टॅबवर एक नवी ओळ आली होती. ‘पुढील आठवडा : सराव पाठांचे वेळापत्रक.’ हिरव्या रेघेनं लिहिलेली. ‘तर’च्या पुढची जागा तशीच होती. नाग्योंगताई दोन बाकं पलीकडे बसलेली. तिनं मान वर केली नाही, केसांची बट कानामागे सारली, आणि पुन्हा टायपायला लागली — वेळापत्रक, गट, साहित्य — जसं काही मध्ये काही घडलंच नाही.

काहीतरी घडलं होतं. माझ्याविषयी घडलं होतं.

सोदामला नेमून दिलेला रंग गुलाबी होता. तो तिनं निवडलेला नव्हता, टॅबनंच दिला होता. एरवी ती गुलाबी रेघ पानाच्या तळाशी कुठेतरी गप्प असायची. आज तिनं ती वर नेली, अगदी मधोमध, आणि लिहिलं — सर काय म्हणाले?

सगळ्या वर्गाच्या टॅबवर ते उमटलं. पुढच्या बाकावरच्या मुलीची पाठ ताठ झालेली तिला दिसली. कोणी वळलं नाही, कोणी लिहिलं नाही. निळी रेघ जवळ आली, घुटमळली, निघून गेली. मग हिरवी आली. हिरवी रेघ तिच्या वाक्याच्या शेवटाशी जाऊन टेकली आणि मागे मागे सरकू लागली. आधी प्रश्नचिन्ह गेलं. मग ‘म्हणाले’ गेलं. मग ‘काय’. मग ‘सर’. पान पुन्हा स्वच्छ झालं.

हे पान आधी दोघींचं होतं. गेल्या वर्षी विद्यापीठाच्या साहाय्य केंद्रानं सोदामला मदतनीस म्हणून नाग्योंगला दिलं. ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून ताई. ताई वर्गात बसून ऐकेल ते टायपायची आणि सोदामच्या टॅबवर ते त्याच क्षणी उमटायचं. सगळं उमटायचं. ‘(सर खडू शोधतायत. खडू त्यांच्याच खिशात आहे. कोणी सांगत नाहीये.)’ ‘(गन्हो घोरतोय. खरंच. थट्टा नाही.)’ ‘(बाहेर बहुतेक रुग्णवाहिका गेली.)’ कोरियातल्या देजॉन शहरातल्या त्या उंच, थंड इमारतीत, गरम हवेच्या झोताखाली बसून ती सगळ्यांच्या मागून, थोडी उशिरा, पण त्याच विनोदाला हसायची. लहानपणानंतर असं झालेलं नव्हतं. रुग्णवाहिका गेलेली कळणं म्हणजे काय, हे ज्यांना रुग्णवाहिका ऐकू येते त्यांना कधी कळायचं नाही.

मग ग्वाक सरांनी ते पान पाहिलं आणि त्यांना ते फार आवडलं. एकटीसाठीच का, ते म्हणाले, सगळ्यांनीच का नाही? एकाच पानावर सगळा वर्ग मिळून टिपणं काढेल, एकमेकांचं दुरुस्त करेल, पूर्ण करेल, यालाच तर एकत्र शिकणं म्हणतात. वर्गानं माना डोलावल्या. सरांनी त्यावर एक लेख लिहिला, कुठल्याशा परिषदेत तो वाचला, त्यात एक फोटोही होता — सोदामचा, पाठीमागून, टॅबसकट. खाली लिहिलं होतं की या सगळ्याची प्रेरणा एका कर्णबधिर विद्यार्थिनीकडून मिळाली. नाव नव्हतं. नाव न देणं हे सौजन्य होतं, असं सर म्हणाले.

आणि मग पानावर माणसं राहायला आली, तसे नियमही आले. टिपण नीटनेटकं हवं. परीक्षेला नसेल ते नको. रोज संध्याकाळी गटप्रमुख पान साफ करायचा. आधी सरांचा खडू गेला, मग गन्होचं घोरणं गेलं, रुग्णवाहिका गेली. काही दिवस नुसतं ‘(हशा)’ एवढं राहिलं — कंसात, कशाबद्दल ते न सांगता. मग कोणीतरी विचारलं की हशा परीक्षेत येणार आहे का, आणि त्यावर बहुतेक हशाच झाला असावा, कारण सगळ्यांचे खांदे हलले होते... आणि त्या दिवसापासून तेही बंद झालं. ताईनं सुरुवातीला वेगळं पान ठेवायचा प्रयत्न केला. पण सगळे तिच्याच लिखाणावर अवलंबून, तिचं टायपिंग सर्वांत वेगवान, दोन पानं कशी सांभाळणार? माझा कान होता तो, सोदामला वाटायचं. त्याचं आता परीक्षेचं गाइड झालं.

शिवाय यावर गुणही होते. कोणी किती भर घातली याचे रंगीत पट्टे टॅबच काढायचा, त्यावरून गुण. सोदामचा पट्टा नखाएवढा. वर्गात बोललेलं तिच्यापर्यंत पोहोचायचं तेच मुळी कोणीतरी लिहिल्यावर. मग तिनं लिहायचं काय? ती आदल्या दिवशी पुस्तक वाचून यायची, मिळेल तिथे ओळी घालायची. त्या कोणीतरी उचलून ‘इतर’ या मथळ्याखाली नेऊन ठेवायचं. पान तिच्यासाठी सुरू झालं होतं, आणि त्या पानावर सर्वांत कमी गुण तिचेच होते. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर लोक दुखावले असते. इतकं चांगलं करतायत सगळे.

तास संपला. खानावळीच्या रांगेत ताई तिच्या पुढे उभी होती. आंबवलेल्या कोबीच्या, किमचीच्या रश्शाची वाफ, स्टीलच्या ट्रेवर जेवायच्या स्टीलच्या काड्या. टेबलाशी बसल्यावर सोदामनं विचारलं. स्वतःच्या आवाजात विचारलं. ताईपुढे ती आवाज काढायची, कारण ताई तो ऐकताना चेहरा बदलत नसे.

“काय म्हणाले सर?”

“काही नाही गं,” ताईचे ओठ म्हणाले. “विशेष काही नाही.”

हे शब्द सोदामला अंधारातसुद्धा वाचता आले असते. आयुष्यात तिनं ओठांवरून सर्वांत जास्त वेळा वाचलेले शब्द ते. छुसॉकच्या सणाला सगळं घर जमायचं, टेबलाभोवती गोल बसून मंडळी पोट धरधरून हसायची, ती आईची बाही ओढायची आणि आई डोळे पुसत म्हणायची, काही नाही, नंतर सांगते. नंतर कधी आलं नाही. आणि आजोबा... आजोबा गेले त्या दुपारी. इस्पितळातल्या पलंगाभोवती सगळे उभे, आणि आजोबा, जे आठवडाभर नीट बोलले नव्हते, ते अचानक बोलायला लागले. बराच वेळ बोलले. त्यांचे ओठ कोरडे, दात काढून ठेवलेले. तिला एक शब्द वाचता येईना. मध्येच त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्याकडे बघून बोलले, आणि काका रडायला लागला, आत्या हसली, आई खिडकीकडे गेली. नंतर आत्यानं तिला कागदावर लिहून दिलं — ‘तू गुणी मुलगी आहेस म्हणाले.’ एवढंच. एवढी दुपार, आणि एवढंसं वाक्य. एवढ्याशा वाक्याला काका रडेल का? ती आत्यावर चिडली नव्हती. तिनं मान लववली होती.

गन्हो ट्रे घेऊन आला आणि समोर बसला. वर्गातला सर्वांत आळशी, घोरणारा तोच. मनात येईल ते बोलून टाकणारा, त्यामुळे फारसा कोणाला न आवडणारा. तोंडात भात असताना तो काहीतरी म्हणाला. ताईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. सोदामला त्यातलं फक्त ‘बरंय’ वाचता आलं. तिनं आपला फोन त्याच्यापुढे सरकवला.

त्यानं डाव्या हातानं टायपलं, उजव्या हातातल्या काड्या खाली न ठेवता.

‘म्हटलं तुझं बरंय, पाठ घ्यायला नको. आम्ही मरतोय इथे.’

ताईनं हात पुढे केला, फोनकडे. सोदामनं तो हात बाजूला केला. फारसा जोर लावला नाही, नुसता बाजूला केला. मग तिनं गन्होला खूण केली — लिही. आणि गन्हो, ज्याला काहीच माहीत नव्हतं, ज्याला वाटत होतं की हिला सगळं कळलेलंच आहे, त्यानं रश्शाचा भुरका मारून लिहिलं.

‘तेच ना, सर म्हणाले, सोदामला सराव पाठातून सूट. तिनं त्याऐवजी सगळ्यांची टिपणं एकत्र करून द्यायची, पूर्ण गुण मिळतील. मुलांसमोर उभं राहायचा ताण तिच्यावर कशाला, आपण सगळे तिच्या पाठीशी आहोत. मग टाळ्या. तू तर काय झकास वाकून आभार मानलेस. मला वाटलं तूच मागितली असशील सूट.’

सोदामनं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

मग मी का हसले? आभार मानले मी. त्यांनी माझा पाठ काढून घेतला, आणि मी उठून, वाकून, सगळ्यांचे आभार मानले...

सराव पाठ नाही म्हणजे वसंतात शाळेवर पाठवणी नाही. पाठवणी नाही तर शिक्षिका नाही. एवढं सरळ होतं. सरांना ते माहीत नव्हतं असं नाही. टिपणं एकत्र करायला एक हुशार, शांत मुलगी मिळेल, ती कुठेतरी कार्यालयात बसेल, असं त्यांच्या डोळ्यांपुढे असणार, आणि ते चित्र त्यांना दयाळू वाटलं असणार. सोदामचा पाठ अपूर्णांकांचा होता. कागदाच्या घड्या घालून शिकवायचा. उन्हाळ्यापासून ती तो आरशासमोर म्हणत होती, गळ्यावर बोटं ठेवून, आवाज किती वर गेला ते कातडीखालच्या थरथरीवरून मोजत. धाकटा भाऊ दाराशी उभा राहून अंगठा वर-खाली करायचा. अर्धा म्हणजे काय, पाव म्हणजे काय. मुलांनी घड्या घातल्यावर वर्गात काय होईल — कुजबुज, भांडण, खिदळणं — ते आपल्याला ऐकू येणार नाही, हे तिला माहीत होतं, त्यावर तिनं विचार केला होता, घड्यांकडे बघून कळतं, चेहऱ्यांकडे बघून कळतं... पण ते कोणी विचारलंच नाही.

गन्होनं तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि काड्या खाली ठेवल्या. “तुला माहीत नव्हतं?” हे त्याचे ओठ नीट म्हणाले.

सोदाम उठली.

ग्वाक सरांच्या खोलीपर्यंत ताई मागोमाग आली, टॅब छातीशी धरून, नेहमीसारखी. दाराशी सोदामनं तिला हातानं थांबवलं. एकटी आत गेली. विद्यार्थिनी भेटायला आली की सर दार उघडं ठेवत. आताही त्यांनी ठेवलं. बसायला सांगितलं, लॅपटॉप तिच्याकडे वळवला, अक्षरं मोठी केली. हे सगळं ते न सांगता करत. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

तिनं सांगितलं की तिला पाठ घ्यायचा आहे. आवाजात सांगितलं. सरांच्या भुवया जराशा आक्रसल्या, नको असलेला वास आल्यावर आक्रसतात तशा, आणि लगेच सरळ झाल्या. त्यांनी टायपलं.

‘तू तर आनंदानं स्वीकारलंस. सगळ्या वर्गानं पाहिलं. तुझी संमती नसती तर मी असं केलं असतं का?’

“मला माहीत नव्हतं, सर.”

‘टिपणात सगळं येतं की. त्यासाठीच तर ते आहे.’

आता समोर दोनच दारं होती, आणि दोन्ही तिला स्वच्छ दिसली. हो म्हणायचं, वाचायचं राहून गेलं म्हणायचं — म्हणजे हसणं खरं ठरतं, पाठ जातो. किंवा खरं बोलायचं. खरं बोललं तर ते कोणाच्या डोक्यावर पडेल तेही दिसत होतं. ताईच्या वसतिगृहाचा खर्च या मदतनिसाच्या कामावर चालत होता. पण तिच्या डोळ्यांपुढे ते वाक्य आलं, एकेक अक्षर मागून खाल्लं जाणारं. सर काय म्हणाले. सर काय. सर.

“आलं नाही,” ती म्हणाली. “ताईनं लिहिलंच नाही. मी विचारलं तर माझा प्रश्नसुद्धा पुसला.”

किती मोठ्यानं म्हणाली ते तिला कळलं नाही. गळ्यावर बोटं नव्हती. सरांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली, उघड्या दाराकडे, आणि परत आली. तेव्हा तिला कळलं की ते बरंच मोठ्यानं होतं.

आणि मग सरांचा चेहरा सैल झाला. तिनं ते होताना पाहिलं. कपाळावरची घडी उलगडली, खांदे खाली आले. सुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो. त्यांनी भराभर टायपलं की ही अतिशय गंभीर गोष्ट आहे, मदतनिसानं असं करणं योग्यच नाही, साहाय्य केंद्राला आजच कळवतो, दुसरी मदतनीस मिळेल, काळजी करू नकोस.

“पण सर,” सोदाम म्हणाली, “बोललात तर तुम्ही. तिनं नुसतं लिहिलं नाही.”

लॅपटॉप तोवर त्यांच्याकडे वळला होता. ते टायपत होते, पण तिच्यासाठी नाही. तिला पडद्याची मागची बाजू दिसत होती, आणि त्यांची बोटं — आत्मविश्वासानं चालणारी. पाठाचं काय, तिनं विचारलं. पुन्हा विचारलं. त्यांनी मान वर केली, हसले, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, “बघू. घाई नको. आधी नवीन मदतनीस येऊ दे.” आणि दाराकडे हात केला, तळवा वर.

मी काय केलं, तिला वाटलं. त्यांना जायला वाट हवी होती, ती मी माझ्या हातानं काढून दिली. पाठ तर मिळाला नाहीच.

ताई व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी उभी होती. टॅब पिशवीत गेला होता. बाहेर गिंकोची पिवळी पानं ओल्या फरशीवर चिकटून बसली होती, आणि मुलं लांब कोट घालून त्यावरून जपून चालत होती. ताईचा चेहरा लाल नव्हता, रडवेला नव्हता. नुसता उघडा होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

ती हळू बोलली, ओठ दिसतील असं, सवयीनं. म्हणाली की बोटं थांबलीच. तुझ्या टॅबवर ते माझ्या हातानं उमटणार होतं, सगळ्यांच्या देखत. तुला ते तिथे, तसं कळायला नको होतं. बाहेर गेल्यावर नीट सांगावं असं वाटलं.

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू इतकी छान हसलीस,” ताई म्हणाली. “मला वाटलं, राहू दे थोडा वेळ.”

“आणि माझा प्रश्न?”

“सगळे बघत होते गं. मला सहन झालं नाही.”

तुला सहन झालं नाही. आत्यालाही झालं नसेल, आईलाही नसेल. माझ्या आयुष्यात काय यावं हे दुसऱ्यांच्या सहनशक्तीवर ठरतं. त्यांना पेलतं तेवढं मला मिळतं... हे सगळं तिला बोलायचं होतं. पण एवढं लांब वाक्य आवाजात नीट येत नाही, मध्येच फाटतं, आणि मग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते समजून घेण्याचे कष्ट दिसायला लागतात. माफी मागावी का, असंही एकदा मनात आलं, आणि माफी आपणच का मागायची, असंही आलं. दोन्ही तसंच राहिलं.

ताईनं पिशवी खांद्यावर चढवली. वळली. दोन पायऱ्या उतरली, आणि पाठमोरी असतानाच काहीतरी म्हणाली.

सोदामला ते दिसलं. खांदे उचलले गेले, मानेची शीर हलली, एक हात हवेत अर्धा वर झाला आणि खाली पडला. लहान वाक्य नव्हतं. खालून दोन मुली जिना चढत होत्या, त्या थबकल्या. आधी ताईकडे पाहिलं, मग वर, सोदामकडे. म्हणजे वाक्य तिच्याविषयी होतं. चांगलं होतं की वाईट, त्या मुलींच्या चेहऱ्यांवरून वाचता आलं असतं. तिनं वाचायचा प्रयत्न केला असता तर. किंवा चार पायऱ्या धावत उतरून बाही धरली असती, तोंड आपल्याकडे वळवलं असतं, पुन्हा सांग म्हटलं असतं — आजवर हजारदा म्हटलंय, लाज सोडून, पाठीमागे लागून, एकेका शब्दासाठी.

ती कठड्याला धरून उभी राहिली. लोखंड गार होतं. ताई वळणापर्यंत पोहोचली, तिचा काळा कोट भिंतीआड गेला, त्या मुलीही नजर चुकवून शेजारून निघून गेल्या. ते वाक्य आपल्याला सोडून जिन्यानं खाली उतरून गेलंय, आणि आपल्याला ते नकोच होतं, हे तिच्या हळूहळू ध्यानात आलं. आत कुठेतरी एकदम शांत वाटलं, अनोळखी वाटावं इतकं शांत. आणि ती शांतता ज्यांची होती त्या सगळ्यांची तिला आठवण झाली, आत्याची, आईची, ताईची — ‘काही नाही’ म्हणताना त्यांनाही प्रत्येक वेळी असंच बरं वाटलं असणार. मग मात्र तिची कठड्यावरची पकड घट्ट झाली.